पित्तप्रकृतीच्या तक्त्यात पेज का बसत नाही?

फोंडा तालुक्यातील एका भगिनींचे पत्र थोडे संक्षिप्त करून येथे देत आहे.

"माझे वय ४२ वर्षे असून मी रोज बसने पणजीला नोकरीसाठी जाते. सकाळी लवकरची बस पकडायची असल्यामुळे फक्त चहा घेऊन निघते. दुपारचे जेवण दोन-अडीचला होते आणि रात्रीचे दहानंतर. गेल्या पावसाळ्यापासून दुपारी छातीत जळजळ, रात्री आंबट ढेकर, पोट साफ न होणे, त्वचा कोरडी पडणे आणि केस खूप गळणे असे त्रास सुरू झाले आहेत. मोबाइलवर दोन ठिकाणी प्रकृतीची चाचणी दिली. एकीने वात-पित्त सांगितले, दुसरीने पित्त-कफ. मग मैत्रिणीच्या आग्रहावरून किनारी भागातल्या एका वेलनेस केंद्रात गेले. तिथे नाडी पाहून पाच मिनिटांत 'शुद्ध पित्तप्रकृती' असे सांगून छापील तक्ता दिला. आंबट, तिखट, मासळी, सोले (आमसुले), उकड्या तांदळाची पेज हे सगळे बंद. सकाळी काकडी-पालकाचा थंड रस, रात्री कच्ची कोशिंबीर, दिवसभर शहाळ्याचे पाणी आणि पुडीतले एक चूर्ण दोन वेळा घ्यायचे. तीन आठवडे हे सारे पाळले. जळजळ थोडी कमी झाली, पण पोट फुगते, झोप लागत नाही आणि थकवा वाढला आहे. सासूबाई म्हणतात की शीत-हुमण (भात आणि मासळीची आमटी) खाऊन आमच्या चार पिढ्या जगल्या. लहानपणापासून मला भूक सहन होत नाही, ऊन सोसत नाही आणि पंचविशीतच केस पिकू लागले होते. माझी खरी प्रकृती कोणती आणि ती संतुलित कशी करावी?"

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नाचा पहिला भाग तुलनेने सोपा आहे. भूक लागली की धीर न निघणे, ऊन न सोसणे आणि ऐन तारुण्यात केस पिकणे ही लक्षणे आयुर्वेदाच्या ग्रंथांत पित्तप्रकृतीच्या वर्णनात आलेली आहेत, आणि ती आपल्यात लहानपणापासून असल्यामुळे आपल्या प्रकृतीत पित्ताचा वाटा मोठा असण्याची शक्यता बरीच आहे. केंद्रातल्या व्यक्तीचा अंदाज अगदीच चुकला असे मी म्हणणार नाही. 'शुद्ध' हे विशेषण मात्र पाच मिनिटांत कसे लावता आले ते मला समजलेले नाही, कारण वात, पित्त आणि कफ या तीन दोषांपैकी एकाच दोषाची निखळ प्रकृती क्वचित आढळते आणि बहुतेक माणसांत दोन दोषांचे प्राबल्य कमीअधिक प्रमाणात एकत्र असते.

खरी अडचण प्रश्नाच्या दुसऱ्या भागात आहे. सुश्रुत आणि वाग्भट या दोघांच्याही मते प्रकृती गर्भधारणेच्या वेळीच ठरते आणि जन्मभर तीच राहते. ती आजार नसल्यामुळे तिला संतुलित करण्याचा प्रश्न येत नाही. तिचा कल ओळखून दिनचर्या ठेवायची असते, एवढेच. आज आपल्याला जो त्रास होतो आहे तो विकृतीचा, म्हणजे सध्या झालेल्या बिघाडाचा आहे, आणि पित्तप्रकृतीच्या माणसाला पित्ताचाच बिघाड व्हावा असा काही नियम नाही. चरकांनी आपल्या संहितेच्या विमानस्थान या भागात रुग्णाची परीक्षा दहा अंगांनी करायला सांगितली आहे. त्यात प्रकृतीनंतर लगेच विकृती येते आणि पुढे सार (शरीरधातूंची गुणवत्ता), शरीराची बांधणी, प्रमाण, सात्म्य (सवयीने मानवणाऱ्या गोष्टी), मनोबल, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय यांचा विचार करावा लागतो. आपल्याला मिळालेला तक्ता पहिल्या अंगापाशीच थांबला आहे, आणि आपण तो इतक्या निष्ठेने पाळलात म्हणूनच त्याची मर्यादा तीन आठवड्यांत उघड झाली.

मोबाइलवरच्या दोन चाचण्यांची उत्तरे वेगळी का आली, हेही यावरून उमगते. 'आपली त्वचा कशी आहे?' असा प्रश्न समोर आला की आपण आजची त्वचा पाहून उत्तर देतो. आपली त्वचा गेल्या पावसाळ्यापासून कोरडी झाली आहे, त्यामुळे वाताच्या रकान्यात खूण पडली. दुसऱ्या चाचणीने थकवा आणि जडपणा यांवर भर दिला असेल तर कफाचे गुण वाढले असतील. प्रकृतीची प्रश्नावली भरताना विशी-पंचविशीपर्यंतचे, निरोगी दिवसांतले आपण कसे होतो हे आठवायचे असते आणि शक्य असल्यास आई किंवा थोरल्या बहिणीकडून ते पडताळून घ्यायचे असते. आयुष मंत्रालयाने २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये देशभर प्रकृती परीक्षण अभियान राबवले, त्यातही केवळ अ‍ॅपवर न विसंबता प्रश्न विचारायला स्वयंसेवक ठेवले होते. प्रकृती आणि जनुके यांचा संबंध शोधण्याचे कामही झाले आहे. हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी आणि रेणू जीवशास्त्र केंद्र) या संस्थेतील शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३,४१६ निरोगी पुरुषांची प्रकृती पाहिली गेली आणि एका दोषाचे स्पष्ट प्राबल्य असलेले शोधत शोधत शेवटी त्यांपैकी २६२ जणच जनुकीय तपासणीसाठी घेतले गेले. पित्तप्रकृतीशी एका जनुकाचा संबंध त्यात आढळला. हे काम मोलाचे आहे, पण त्यात एकही स्त्री नव्हती आणि त्यावरून कोणी सोले खावीत की नाहीत हे सांगता येत नाही. रक्त तपासून प्रकृती सांगणारी कोणतीही प्रस्थापित चाचणी आज उपलब्ध नाही.

आता आजच्या त्रासाकडे वळू. ऋतुचर्येच्या हिशेबाने पावसाळ्यात अग्नी (पचनशक्ती) मंद होतो, वात बिघडतो आणि पित्त हळूहळू साठत जाते. पाऊस सरून शरदाचे ऊन तापू लागले की हे साठलेले पित्त उफाळून येते. आपल्याकडे नेमक्या याच दिवसांत चवथीच्या नेवऱ्या आणि मोदकांनी पोटावर भार पडलेला असतो आणि ऑक्टोबरचा उकाडा सुरू झालेला असतो. त्यात सकाळच्या चहानंतर दुपारी अडीचपर्यंत पोट रिकामे राहते आणि रात्री दहानंतर भरल्या पोटी आपण आडव्या होता. ज्यांना उपजतच भूक सहन होत नाही त्यांनी अशी दिनचर्या ठेवली तर छातीत जळजळ होण्यासाठी आणखी काही लागत नाही. दुसऱ्या बाजूला कोठा जड होणे, त्वचा रुक्ष होणे आणि झोप उडणे ही लक्षणे वाताकडे झुकणारी आहेत. म्हणजे पित्तप्रधान शरीरात आज पित्त आणि वात दोन्ही बिघडलेले दिसतात. पित्त उष्ण आहे, तर वात शीत आणि रुक्ष आहे. थंड रस आणि कच्ची कोशिंबीर यांनी उष्णता कमी झाली म्हणून जळजळ थोडी निवली, पण त्याच थंड, रुक्ष आणि पचायला कठीण अन्नाने वाताला बळ मिळाले. तीन आठवड्यांत आपल्याला जो अनुभव आला तो शास्त्राला धरूनच आला.

यात प्रदेशाचाही विचार करायला हवा. चरकांनी देशाचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार सांगितले आहेत आणि पाण्याने वेढलेली, दमट, नारळी-पोफळींची आपली भूमी आनूप देशाच्या वर्णनात चपखल बसते. अशा देशात वात आणि कफ सहज वाढतात, म्हणून अन्न गरम, ताजे आणि शिजवलेले असावे हा इथला जुना शिरस्ता उगाच पडलेला नाही. किनाऱ्यावरच्या केंद्रांतले बरेच तक्ते कोरड्या हवेतून चार दिवसांच्या सुट्टीसाठी आलेल्या पाहुण्यांच्या आवडीने बनवलेले असतात, असा माझा अंदाज आहे. फोंड्याहून बसने नोकरीला जाणाऱ्या बाईचा विचार त्यात कोणी केला असेल असे वाटत नाही.

त्या तक्त्यातील पेजेवरची बंदी मला सर्वांत अनाकलनीय वाटते. वात आणि पित्त दोन्ही एकाच वेळी शमवायचे असतील तर मधुर रस, स्निग्धता आणि हलकेपणा एकत्र असलेले अन्न लागते, आणि आपल्या स्वयंपाकघरात त्याचे उत्तर पेज हेच आहे. पंचकर्मानंतर अग्नी नाजूक झालेला असताना रुग्णाला पूर्ववत आहारावर आणण्यासाठी जो संसर्जन क्रम सांगितला आहे त्याची सुरुवातच तांदळाच्या पातळ पेयेने होते आणि मग विलेपीसारखे दाट प्रकार येतात. आपण रोज सकाळी निघण्यापूर्वी वाडगाभर गरम पेज, चमचाभर तूप आणि चिमूटभर मीठ घालून घ्यावी. तेवढा वेळ नसेल तर ती थर्मासमध्ये भरून न्यावी आणि दहा-साडेदहाला कार्यालयात घ्यावी. गोव्यात ही पेजेचीच वेळ आहे, त्यामुळे कोणी भुवया उंचावणार नाही. सोबत खारे किंवा तिखट लोणचे घेण्याची सवय असेल तर सध्या त्याऐवजी मुगाची उसळ किंवा दुधीची, पडवळाची भाजी घ्यावी. वाग्भटांनी शरद ऋतूसाठी जे अन्न सांगितले आहे त्यात साळीचा तांदूळ, मूग, पडवळ आणि आवळा यांची नावे आहेत, आणि त्यांतले काहीही मिळवण्यासाठी आपल्याला फोंड्याच्या बाजाराबाहेर जावे लागणार नाही.

सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे. वर्षानुवर्षांच्या सवयीने शरीराला मानवलेल्या अन्नाला ओकसात्म्य म्हणतात आणि असे अन्न एका दिवसात तोडू नये, अगदी अपथ्यकर असले तरी ते चतकोर-चतकोर कमी करत सोडावे, असा चरकांचा सल्ला आहे. मात्र त्यांच्या चार पिढ्या कुळागरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत, राबत होत्या आणि दिवेलागणीनंतर लवकरच जेवत होत्या, हेही त्यांना हळुवारपणे सांगता येईल. हुमण तेच असले तरी ते रात्री दहाला खाल्ले की त्याचे पचन वेगळे होते.

मासळी पूर्ण बंद करण्याचे कारण मला दिसत नाही. तळलेली, सुकवलेली आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेली मासळी काही आठवडे टाळावी आणि मुडदुशीसारखी हलकी, ताजी मासळी दुपारच्या जेवणात कमी तिखट हुमणात घ्यावी. खोबरे मधुर आणि शीत असल्याने ते इथे आपल्या मदतीलाच येते. मिरचीबद्दल मात्र कठोर राहावे लागेल. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात या भूमीत आली, त्यामुळे चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत तिचा उल्लेखच नाही आणि तिच्याविषयी जे सांगायचे ते तिच्या गुणांवरूनच ठरवावे लागते. ते गुण तीक्ष्ण आणि उष्ण आहेत याबद्दल कोणत्याही वैद्याचे दुमत होणार नाही. हुमणात मिरच्या निम्म्यावर आणून तिरफळ आणि धणे यांवर चव सांभाळता येते, कारण मासळीच्या आमटीची ओळख नारळ आणि तिरफळाच्या वासात असते, तिखटपणात नव्हे.

सोल्यांचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. कोकमाला ग्रंथांत वृक्षाम्ल म्हटले जाते आणि चरकांनी त्याला उष्ण, रुक्ष आणि वात-कफात हितकर म्हटले आहे. आपल्याकडची परंपरा मात्र अंगावर गांधी उठल्या की आमसुलाचे पाणी लावते आणि उन्हाळ्यात तेच सरबत म्हणून पिते. दोन्ही अनुभव आपापल्या जागी खरे आहेत, म्हणून हे भांडण मी ग्रंथ उघडून सोडवणार नाही. आयुर्वेदात निदानाची पाच साधने सांगितली आहेत, त्यांत उपशय हे एक आहे. एखादी गोष्ट देऊन किंवा काढून घेऊन शरीर काय उत्तर देते हे पाहणे, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. दोन आठवडे सोले बंद ठेवावीत, मग जेवणाच्या शेवटी अर्धी वाटी सोलकढी, हिरवी मिरची आणि लसूण न घालता, तीन-चार दिवस घ्यावी आणि जळजळ वाढते का ते वहीत नोंदवावे. वाढली नाही तर सोलकढी आपल्यासाठी खुली आहे. ती मासळीबरोबर विरुद्ध आहार ठरते का, असे पुष्कळजण विचारतात. मासळीबरोबर निषिद्ध सांगितले आहे ते प्राण्यांचे दूध. नारळाच्या रसाला ते लागू नाही.

शहाळ्याचे पाणी दिवसातून एकदा, उन्हाच्या वेळी घेतले तर चांगले. दिवसभर तेच पीत राहणे अनावश्यक आहे, आणि मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे चालू असतील तर त्यातल्या पोटॅशियममुळे ते अपायकारकही ठरू शकते.

दिनचर्येत दोन बदल मी आहाराइतकेच महत्त्वाचे मानते. पहिला जेवणाच्या वेळेचा. दुपारचे जेवण एकच्या आसपास आणि रात्रीचे आठच्या आत व्हावे. घरातील इतरांची वाट पाहणे हा आपल्याकडच्या स्त्रियांचा नेहमीचा अडसर असतो, तो यंदा बाजूला ठेवावा आणि हवे तर सर्वांच्या पंगतीला ग्लासभर कोमट पाणी घेऊन बसावे. दुसरा बदल वेगांचा. मलमूत्रादी तेरा नैसर्गिक वेग अडवू नयेत असे ग्रंथांत सांगितले आहे, आणि सकाळच्या बसच्या धावपळीत मलवेग दाबणे तसेच कार्यालयातील प्रसाधनगृहाच्या भीतीने पाणीच कमी पिणे या दोन गोष्टी आपल्या वयाच्या नोकरदार स्त्रियांत इतक्या सर्रास आढळतात की पोट साफ न होण्याचे निम्मे कारण मी तिथेच शोधते. उठल्यावर कोमट पाणी पिऊन पंधरा मिनिटे घाई न करता राखून ठेवावीत, त्यासाठी झोप अर्धा तास अलीकडे आणावी लागली तरी आणावी. त्वचेसाठी आंघोळीपूर्वी अंगाला थोडे खोबरेल चोळणे पुरेसे आहे.

हे सर्व वाचताना एक गोष्ट आपण पुढे ढकलू नये, आणि खरे तर ती आधी करावी. कोरडी त्वचा, केस गळणे, बद्धकोष्ठता आणि थकवा हा लक्षणांचा समूह आयुर्वेदाच्या नजरेने वाताचा दिसतो, पण तो थायरॉईडची क्रिया मंदावल्यावरही हुबेहूब असाच दिसतो, आणि चाळिशीच्या पुढे स्त्रियांत हा विकार दुर्मिळ नाही. मासिक पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर लोह कमी होऊन थकवा आणि केस गळणे दोन्ही संभवतात. पावसाळ्यात डेंग्यूसारखा मोठा ताप येऊन गेला असेल तर दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात आणि ते बहुधा आपोआप थांबतात. नाडी पाहून यांतला फरक सांगता येतो असे मला वाटत नाही आणि कोणी तसे म्हटले तर मी विश्वास ठेवत नाही. टीएसएच (थायरॉईडची तपासणी), हिमोग्लोबिन आणि रक्तशर्करा एवढ्या तपासण्या फोंड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात करून घ्याव्यात. वजन कारणाशिवाय उतरू लागले, गिळताना अन्न अडकू लागले, शौचाला काळे झाले किंवा उलटीत रक्त दिसले तर प्रकृतीची चर्चा थांबवून थेट बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे. छातीतल्या जळजळीबरोबर घाम सुटणे, दम लागणे, डावा हात किंवा जबडा दुखणे असे काही झाले तर ते पित्त समजून सोडा किंवा ओवा घेत घरी बसू नये. १०८ वर फोन करावा.

पुडीतले चूर्ण आजपासून बंद करावे. आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये, उत्पादकाचा परवाना क्रमांक आणि वापरण्याची मुदत छापलेली असणे कायद्याने आवश्यक आहे, आणि नुसत्या कागदी पुडीवर यांतले काहीच नसल्याने आपण काय घेत होता हे कोणालाच सांगता येणार नाही. पित्तासाठी नेहमी दिल्या जाणाऱ्या सूतशेखर रसासारख्या औषधांत पारा असतो आणि बचनाग आणि धोत्र्याच्या बिया ही विषारी द्रव्ये शोधन (शुद्धीकरण) करून वापरलेली असतात. अशी औषधे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात आणि तसा इशारा त्यांच्या वेष्टनावर असतो. वनस्पती आहे म्हणजे निर्धोक, हेही गृहीत धरू नये: गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती, आणि अश्वगंधेचा थायरॉईडवर परिणाम होऊ शकतो. तपासणीचे निकाल हाती येईपर्यंत ही दोन्ही स्वतःहून सुरू करू नयेत. पुडी मात्र फेकू नये.

प्रकृतीची परीक्षा रीतसर करून घ्यायची इच्छा असल्यास आपल्याच तालुक्यात शिरोड्याला गोमंतक आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि पेडणे तालुक्यात धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे केंद्र डिसेंबर २०२२ पासून आहे. जाताना रक्ताचे निकाल, सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, ती पुडी, छापील तक्ता आणि निदान दोन आठवड्यांची जेवणाच्या वेळांची व जळजळीची नोंद बरोबर न्यावी. वैद्यांना 'माझी प्रकृती कोणती' हे विचारावेच, पण त्याआधी 'सध्या माझा अग्नी कसा आहे आणि कोणता दोष बिघडला आहे' हे विचारावे, आणि ज्या पथ्याची मुदत ते सांगणार नाहीत त्या प्रत्येक पथ्याची मुदत त्यांच्याकडून लिहून घ्यावी.